पोर्चसमोरचा टेम्पो

सुनेत्राच्या टेम्पोचा आवाज शिरगावात सगळ्यांच्या ओळखीचा होता. नवरा श्रीपती गेला तेव्हा नातेवाइकांनी टेम्पो विकून टाकायचा सल्ला दिला. तिनं तो शांतपणे ऐकून घेतला आणि पुढच्याच आठवड्यात गाडी चालवायला शिकायला लागली. तेव्हापासून पिण्याच्या पाण्याचे जार भरून रत्नागिरीभर पोचवणं हा तिचा धंदा. दुकानं, बँका, दवाखाने आणि लग्नसराईत मंगल कार्यालयं. साडीवर श्रीपतीचा जुना शर्ट चढवून ती जार खांद्यावर घेई, तेव्हा बघणाऱ्यालाच धाप लागायची.

तिच्या गिऱ्हाइकांत सगळ्यात मोठं कार्यालय नाचणे रस्त्यावरचं, उन्मेषशेठचं. त्या तोडीचं दुसरं कार्यालय जिल्ह्यात नाही, असं उन्मेषशेठ स्वतःच सांगत, त्यामुळे इतरांना सांगायची गरज पडत नसे. पुढे कठडा घातलेल्या रुंद पायऱ्या, त्यावर लाल गालिचा, आणि वर पोर्चमध्ये पाच सवाष्णी ताटं घेऊन उभ्या. आलेल्या पाहुण्याला हळदकुंकू, अत्तर, पेढा. गाडी पायऱ्यांशी थांबली की लाल जाकीट घातलेला माणूस किल्ली घेणार आणि गाडी नेऊन लावणार. 'वॅले पार्किंगची सोय' असं पत्रिकेवर छापून यायचं. रिक्षा आणि ॲपवरून बोलावलेल्या गाड्यांना मात्र कोपऱ्यापुढे येऊ द्यायचे नाहीत. त्यांतल्या माणसांनी तिथून चालत यायचं. मालाच्या गाड्यांना मागची गल्ली. तिथे गॅसच्या टाक्या, उष्ट्या पानांची पिंपं आणि एक लोखंडी गेट. सुनेत्रा इतकी वर्षं त्याच गेटानं पाणी देत आली होती, आणि माल मागनंच जायचा, त्यात तिला कधी वावगं वाटलं नव्हतं.

त्या दिवशीही ती सकाळी सवयीप्रमाणे पाणी उतरवत होती. फरक एवढाच की लग्न तिच्याच मुलीचं होतं, मनिषाचं. स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं पाणीसुद्धा तिनं स्वतःच पोचवलं. गेटाच्या आत, मुदपाकखान्याच्या दाराशी, उन्मेषशेठची आई आनंदीबाई नेहमीच्या खुर्चीवर बसून लसूण सोलत होती. कार्यालय मुलाचं, पण म्हातारीची जागा ही. नवरा गेल्यापासून ती पुढच्या हॉलमध्ये कुणाला दिसली नव्हती.

"आजी, आज माज्या मनिषाचा लगीन हाय. पुढं येऊन बसा," सुनेत्रा जार ठेवता ठेवता म्हणाली.

"हितनं ऐकू येतात गो मंगलाष्टका," म्हातारी हसली. "तू जा. नीट तयार हो. आज तरी तो शर्ट काढ."

सुनेत्रानं घरी जाऊन शर्ट काढला. मोरपंखी रेशमी साडी नेसली, जी तिनं श्रीपतीच्या हयातीत एकदाच नेसली होती. कन्यादान तिला करता येणार नव्हतं. ते दीर दीपेश आणि जाऊ करणार, हे घरात ठरलं होतं. तिला एवढंच हवं होतं की अंतरपाट बाजूला होईल त्या क्षणी आपण समोर असावं आणि मनिषाचं तोंड बघावं. बापाविना वाढवलेल्या पोरीच्या आईनं यापेक्षा कमी काय मागावं?

मुहूर्त तोंडावर आला असताना सजवलेली गाडी पोर्चपाशी थांबली. मनिषा उतरली. सवाष्णींनी औक्षण केलं, करवल्या खिदळल्या, फोटोवाला मागे मागे सरकला. तिच्यामागून सुनेत्रा उतरणार तोच कार्यालयाचा व्यवस्थापक नितेश खिडकीशी वाकला.

"काकी, तुम्ही बसा. गर्दी आहे. गाडी लावून घेतो, मग आरामात उतरा."

आवाज इतका अदबीचा होता की तिला बरंच वाटलं. गाडी हलली, कोपरा वळली, आणखी एक वळली आणि मागच्या गल्लीत, गॅसच्या टाक्यांपाशी थांबली.

"उतरा. इथनं आत जायचं," जाकीटवाला म्हणाला आणि गाडी घेऊन निघून गेला.

गेटाला आतून कडी होती. मुहूर्त जवळ आला की मागचं गेट बंद, कुत्री-मांजरं आणि भिकारी आत येतात म्हणून. हा कार्यालयाचा नियम. सुनेत्रानं गेट वाजवलं. आधी हळू, मग मुठीनं, मग गल्लीतला चिऱ्याचा तुकडा उचलून. आत ध्वनिक्षेपकावर मंगलाष्टका चालू होत्या. मोबाइल जावेच्या पिशवीत होता. वळसा घालून पुढच्या दारी धावावं तर तेवढ्यात अंतरपाट बाजूला होईल, आणि आता कुणी उघडेल, आता उघडेल, असं म्हणत ती गेट वाजवत राहिली. बांगड्या न घातलेला हात सोलवटला. मग 'सावधान'चा शेवटचा गजर झाला, वाजंत्री उसळली, टाळ्या पडल्या.

त्यानंतर कडी निघाली. समोर आनंदीबाई उभी होती. तिनं सुनेत्राच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि आपल्या खुर्चीशेजारचा पाट पुढे सरकवला.

"ये. बस हितंच. आपली जागा हीच, बाय."

सुनेत्रा बसली नाही. ती हॉलमध्ये पोचली तेव्हा मनिषाच्या गळ्यात हार होता आणि ती मान वळवून वळवून गर्दीत कुणाला तरी शोधत होती. सुनेत्राला कुणी विचारलं नाही की तू कुठे होतीस. उलट जाऊ कौतुकानं म्हणाली, "वयनी आपणहून मागं थांबल्यात बघा. किती समजूतदार!"

वाचकहो, हा 'समजूतदार' शब्द जरा नीट पारखून बघा. आपल्याकडे आता कुणी विधवेला अपशकुनी म्हणत नाही. आपण शिकलो. केशवपन गेलं, लाल आलवण गेलं, आता सगळं कसं सभ्य झालं. तिला तोंडावर कुणी 'मागे हो' म्हणत नाही; गाडीत बसवून, दार अदबीनं लावून मागे नेऊन सोडतात. आणि ती मागे राहिली की तिला समजूतदार म्हणतात. अपमानाचीसुद्धा आपण वॅले पार्किंगची सोय केली आहे.

दुसऱ्या दिवशी सुनेत्रा उन्मेषशेठच्या केबिनमध्ये गेली. शर्ट पुन्हा अंगावर होता, हाताला पट्टी.

"ओ वहिनी, ती गाड्यांची व्यवस्था आहे," उन्मेषशेठ म्हणाले. "कुणाला कमी लेखायचा प्रश्नच नाही. मी स्वतः असलं काही मानत नाही. पण गिऱ्हाइकं मानतात ना! पहिल्या पावलाला पुढे सवाष्णी असाव्यात, कुणाला मनात किंतू नको, असं त्यांना वाटतं."

"लगीन माज्या पोरीचा होता," सुनेत्रा म्हणाली. "गिऱ्हाईक मीच होतंय."

उन्मेषशेठनी फोनकडे पाहिलं. उत्तर दिलं ते बाजूला उभ्या नितेशनं. "काकी, आम्ही कुणाला तोंडावर काही बोलत नाही. कुणाचं मन दुखू नये म्हणून तर गाडीतनं नेतो."

"तुम्हीच मनाला लावून घेताय" हे वाक्य मग दोघंही एकदमच म्हणाले.

इथे सुनेत्रानं मन मोठं करून त्यांना माफ केलं असं लिहिलं असतं, तर गोष्ट गोड झाली असती. तिनं माफ केलं नाही. घरी आल्यावर ती रडलीही नाही. मनिषाचा सासरहून फोन आला, "आये, मी मान वळवून तुला शोधत होतंय गो. तू का नाय आलीस?" तेव्हा तिनं खरं ते सांगितलं आणि पलीकडून पोरीचं हुंदके देणं ऐकलं. फोन ठेवल्यावर तिनं एकच गोष्ट मनाशी धरली. उन्मेषशेठच्या घरातलं माणूस, त्याचे सोयरे, त्याचा जावई, सगळे त्या गॅसच्या टाक्यांपाशी उतरलेले आपल्याला बघायचे आहेत. त्याशिवाय आपला जीव निवणार नाही.

कार्यालयाला पाणी देणं तिनं बंद केलं नाही. रोज गेटाशी जायची, जार उतरवायची, आनंदीबाईशी मात्र बोलायची नाही. म्हातारी काहीतरी सांगायला तोंड उघडायची आणि सुनेत्रा पाठ फिरवायची. 'आपली जागा हीच' हे शब्द तिला उन्मेषशेठच्या सगळ्या बोलण्याहून जास्त झोंबले होते. परक्यानं लाथाडलं तर माणूस उठून उभा राहतो. आपल्यासारखीनंच पाट मांडून दिला तर काय करायचं?

वर्ष सरलं आणि उन्मेषशेठच्या मुलीचं, ऋतिकाचं लग्न ठरलं. जावई अजिंक्य, चिपळूणचा, मोठ्या घरातला. मुहूर्त सकाळचा, दहानंतर लगेच. पाण्याची ऑर्डर अर्थातच सुनेत्राकडे आली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. पोर्चसमोरच्या रस्त्याच्या कडेला नगर परिषदेची एक पाटी होती: 'मालवाहू वाहनांसाठी चढउताराची जागा. सकाळी अकरापर्यंत. इतर वाहनांस मनाई.' समोरच्या गोदामांसाठी ती जागा पूर्वीपासून राखलेली. कार्यालय झालं तेव्हा उन्मेषशेठनी त्या पाटीपुढे फुलांची कमान उभी केली, कडेला कुंड्या मांडल्या आणि जागा आपल्या पाहुण्यांच्या गाड्यांना घेतली. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक टेम्पोवाल्याला पाटी माहीत होती आणि प्रत्येकाला जाकीटवाल्यांनी तिथून हुसकावलेलं होतं. मोठ्या माणसाशी कोण भांडत बसणार म्हणून सगळे गप्प होते, एवढंच.

सुनेत्रानं भाजीचा टेम्पो चालवणाऱ्या जानूला गाठलं आणि मनातलं सांगितलं. वाटलं, हा पाय मागे घेईल. जानूनं तंबाखू थुंकली.

"माजी आय पण त्याच गेटातनं गेली व्हती, भाचीच्या लग्नाला. तेवा मी गप ऱ्हायलो. आता नाय ऱ्हाणार. कदी लावायचा टेम्पो, सांग."

लग्नाच्या सकाळी पाहुणे यायच्या आधी दोन टेम्पो पोर्चसमोर येऊन उभे राहिले. सुनेत्रानं आपला टेम्पो मागे घेत घेत पायऱ्यांना असा भिडवला की मागचा फाळका उघडल्यावर तो पहिल्या पायरीवरच टेकला. दोन्ही बाजूंना कठडा, मधे फाळका. जानूनं आपली गाडी तिच्या शेजारी लावून उरलेली कडा व्यापली. मग दोघं माल उतरवायला लागले. घाई अजिबात नाही. एक जार, मग पदरानं तोंड पुसणं, मग दुसरा जार. कोबीची गोणी, मग जरा टेकणं.

नितेश धावत आला. "काकी, हे काय? मागे घ्या, मागे!"

"माल उतरवतंय," सुनेत्रा म्हणाली. "मन दुखवून घेव नको. गाड्यांची व्यवस्था हाय."

नितेशनं वाहतूक पोलिसांना फोन केला. आली ती शमिका नावाची शिपाई, मोटारसायकलवरून, चेहऱ्यावर उन्हाचा वैताग. तिनं टेम्पो पाहिले, माल पाहिला, मग कमानीच्या मागे जाऊन मान वाकडी करून पाटी वाचली.

"साहेब, यांची जागा आहे ही," ती उन्मेषशेठना म्हणाली. ते एव्हाना फेटा सावरत बाहेर आले होते. "अकरापर्यंत मी यांना हलवू शकत नाही. ही कमान आणि कुंड्या मात्र आत्ता काढायला लागतील. आणि रस्त्यात एकही गाडी थांबवायची नाही. मागे एसटी अडकल्यात."

उन्मेषशेठनी दोन-तीन मोठ्या माणसांना फोन लावले. लग्नाच्या दिवशी मोठी माणसंही कुठे ना कुठे लग्नालाच गेलेली असतात. तेवढ्यात पहिल्या गाड्या आल्या. शमिका शिट्टी फुंकत प्रत्येकीला पुढे काढत होती. पायऱ्यांवर पाच सवाष्णी ताटं घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर पाण्याच्या जारांची भिंत वाढत चालली होती. शेवटी नवरदेवाची गाडी दिसली आणि उन्मेषशेठनी हात जोडले.

"वहिनी, माझ्या मुलीचं लग्न आहे. तुम्हाला काय हवं ते सांगा."

"माज्या पोरीचा मुहूर्त परत दे," सुनेत्रा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्यांना अरेतुरे केलं. "नाय देता येत? मग तुज्या जावयाला मागनं ने. वाट तुला ठावक हाय."

ती टेम्पोच्या फाळक्यावर बसली आणि बघत राहिली. उन्मेषशेठनी स्वतः हात करून नवरदेवाची गाडी कोपऱ्याकडे वळवली. मागोमाग वरमाईची, विहिणींची, रत्नागिरीतल्या नामांकित पाहुण्यांची गाडी. एकामागून एक सगळ्या त्या गल्लीत शिरल्या. सुनेत्राला वाटलं होतं हसू येईल. हसू आलं नाही, पण छातीवर वर्षभर ठेवलेला धोंडा जरा बाजूला सरकला, हे तिनं कुणापासून लपवलं नाही.

मागच्या गल्लीत शालू आणि सोवळी उष्ट्या पानांच्या पिंपांतून वाट काढत गेटाशी गोळा झाली. उन्मेषशेठ धापा टाकत पोचले. गेटाला कडी होती, कारण मुहूर्त जवळ आला होता.

"कोण आहे आत? उघडा!"

"मी हाय," आतून आनंदीबाईचा आवाज आला.

"आई, कडी काढ. लवकर!"

आत पाचही सवाष्णी ताटं घेऊन मुदपाकखान्यातून धावत आल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "आजी, सरा बाजूला, आम्ही उघडतो." म्हातारी सरली नाही. आज सकाळी नातीनं नमस्काराला येऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं होतं, आणि नात गेल्यावर मुलानं हळूच सांगितलं होतं, आई, तू इथेच बस हं, पुढे गर्दी आहे. ज्या नातीला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं, तिच्या लग्नात.

"उन्मेष," म्हातारी गेटाआडून म्हणाली, "मुहूर्ताला ही कडी काढायची नाय, हा तुजाच नियम. आनि मी काढली तर नवरदेवाला आधी माजा तोंड दिसंल. चालंल तुला?"

गॅसच्या टाक्यांशी उभ्या असलेल्या अजिंक्यनं विचारलं, "ऋतिकाच्या आजी मागे का बसल्या आहेत?"

विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्यातही कपाळ मोकळं असलेल्या दोघी होत्या, आणि त्या अगदी मागे, भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं.

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. चालंल का, ते मोठ्यानं सांग."

मुहूर्त पुढे सरकत होता. फेटा एका बाजूला कललेल्या उन्मेषशेठनी, सगळ्या गोतावळ्यासमोर, घसा खाकरून सांगितलं, "चालेल. तूच उघड आई. तुझ्याच हातानं उघड."

कडी निघाली. पाहुण्यांनी वाट करून दिली, कारण म्हातारी आत न थांबता बाहेर आली होती. नवरदेवाच्या गालावरून तिनं हात फिरवला, त्याला आत जायला खुणावलं आणि गल्लीतून चालू लागली.

"आई, कुठे चाललीस?"

"पुढल्या दारानं येतंय. माज्या नातीचा लगीन हाय."

"पुढे वाट नाही! टेम्पो आहेत!"

म्हातारीनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. भिंतीला हात लावत, थांबत थांबत ती कोपरा वळली आणि भर रस्त्यानं पोर्चसमोर आली. सुनेत्रा फाळक्यावरून उतरली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी तुजा गेट वाजवना मला पयल्यापासनं ऐकू येत होता," आनंदीबाई म्हणाली. "हात उचलंना माजा. नियम मोडायची सवयच नव्हती. तुला पाट दिला तो मी मला दिलेला."

'असू दे' हे सुनेत्राच्या तोंडून निघणार नव्हतं, आणि खोटं बोलायला ती शिकलेली नव्हती. तिनं वाटेतले जार एकेक करून उचलून बाजूला ठेवले. फाळका लावला, टेम्पोत चढली आणि गाडी सुरू केली. जानूनंही आपली पुढे घेतली. पायऱ्या मोकळ्या झाल्या. आनंदीबाई कठड्याला धरून एकेक पायरी चढली. वर हळदकुंकू घेऊन कुणी उभं नव्हतं. तिनं उंबऱ्याशी पाय पुसले आणि भरल्या हॉलमध्ये, मधल्या वाटेनं, नातीच्या दिशेनं गेली.

वाट मोकळी झालेली दिसताच नितेशचा चेहरा उजळला. कोपऱ्यावर उरलेल्या गाड्यांना तो दोन्ही हातांनी बोलावू लागला. लाल जाकीटवाले धावत पायऱ्यांशी येऊन उभे राहिले.

सुनेत्रानं आरशात बघून टेम्पो मागे घेतला आणि पुन्हा पायऱ्यांना भिडवला. अकरा वाजायला अजून अवकाश होता.